तेलाचे नाव पाहावे की तेलावरचा आकडा?



परभणीत जिंतूर रस्त्यावरच्या किंवा वसमत रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजसमोर पाच मिनिटे उभे राहा. फळीवर एंजिन-ऑइलचे रंगीबेरंगी डबे ओळीने मांडलेले दिसतील. कोणावर शर्यतीच्या मोटारीचे चित्र, कोणावर सोनेरी अक्षरांत ‘रेसिंग’, तर कोणावर नुसतेच ‘सिंथेटिक’. एक डबा साडेतीनशे रुपये लिटर, शेजारचा हजाराच्या वर. आणि त्यांच्यापुढे उभा असलेला मुलगा मिस्त्रीला हमखास एकच प्रश्न विचारतो, “कोणत्या कंपनीचे टाकू?”

हाच प्रश्न वर्गातही येतो, फक्त जरा मोठ्या रूपात. शर्यतीच्या मैदानावर ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारींना अमुक एका कंपनीचेच तेल लागते का? तिथे तेलाच्या नावाने खरोखरच फरक पडतो का? प्रश्न पैशांचाही आहे. चुकीच्या तेलाने एकदा एंजिनचे काम निघाले, की घरच्या सोयाबीनच्या पट्टीतले बरेचसे पैसे तिकडेच जातात. उलट, नावाला भुलून दुप्पट किंमत मोजली आणि पदरात काहीच जास्त पडले नाही, तर तेही नुकसानच. म्हणून उत्तर शोधताना जाहिरात बाजूला ठेवू आणि एंजिनच्या आत जाऊन पाहू.

तेलावर तरंगणारा दांडा

एंजिनमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो आणि त्याच्या जोरावर खालचा भुजादंड फिरतो. मिस्त्री त्याला क्रँक म्हणतात. हा दांडा बेअरिंगमध्ये बसलेला असतो. दांडा आणि बेअरिंग यांच्यात फट किती असते? साधारण 25 ते 50 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तुमच्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते. म्हणजे केस चिरून अर्धा केला तरी जेमतेम मावेल अशा फटीत तेल असते. जोराचा दाब पडतो त्या बाजूला तर तेलाचा थर एखाद्या मायक्रॉनवर येतो.

आता थोडे गणित करू. दांड्याचा व्यास 50 मिलिमीटर धरा. मग परीघ झाला 157 मिलिमीटर. एंजिन मिनिटाला 6000 फेरे, म्हणजे सेकंदाला 100 फेरे घेत असेल, तर दांड्याचा पृष्ठभाग सेकंदाला 15.7 मीटर वेगाने सरकतो. ताशी 56 किलोमीटर! समोरचा बेअरिंगचा पृष्ठभाग स्थिर. मधल्या 25 मायक्रॉनच्या थरात तेलाचा एक पदर दांड्याबरोबर ताशी 56 किलोमीटरने धावतो आणि दुसऱ्या टोकाचा पदर जागचा हलत नाही. पत्त्यांच्या जोडाला वरून ढकलले की पाने एकमेकांवरून सरकतात, तसे तेलाचे पदर एकमेकांवरून सरकतात. सरकण्याला तेल जो विरोध करते, त्या गुणाला श्यानता म्हणतात. बोलताना आपण ‘तेल दाट आहे, तेल पातळ आहे’ म्हणतो ते हेच. (घनता मात्र वेगळी. एरंडेल पाण्यापेक्षा कितीतरी दाट वाटते, पण पाण्यावर तरंगते!)

असा पातळ थर मोटारीच्या एंजिनातील एवढा प्रचंड दाब पेलतो कसा? हे कोडे एका गमतीदार प्रयोगातून उलगडले. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे एंजिनियर आगगाडीच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. आस खालून तेलात बुडालेला आणि वरून बेअरिंगचे अर्धे टोपण, अशी रचना होती. तेल घालण्याच्या सोयीसाठी त्यांनी टोपणाला अगदी वर एक भोक पाडले. आस फिरू लागताच भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्यांनी भोकात बूच मारले. तेलाने ते वर ढकलून दिले. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर आली! तेव्हा टॉवर यांनी त्या भोकावर दाबमापक बसविला, तर दर चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंत मोजणाऱ्या त्या मापकाचा काटा टोकाला जाऊन भिडला. बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षा हा दाब कितीतरी जास्त होता.

याचा अर्थ असा, की फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढतो. निमुळत्या जागेत कोंडलेले तेल दाब निर्माण करते आणि आस त्या तेलावर अक्षरशः उचलला जातो. धातूला धातू लागतच नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 साली याचे गणित मांडले. ‘रेनॉल्ड्स अंक’ या नावाने हे गृहस्थ तुम्हाला पुढे बारावीच्या पुस्तकात भेटतील. त्या गणितातून निघालेली गोष्ट अगदी साधी आहे. तेलाचा थर किती जाड राहील हे तीन गोष्टींवर ठरते: तेलाची श्यानता, फिरण्याचा वेग आणि वरचा भार. या तिन्हींत कंपनीच्या नावाला कोठेही जागा नाही. नाव मागील दाराने कसे आत येते, ते पुढे पाहू.

एरंडेल आणि ऊन

श्यानतेचा एक मोठा शत्रू आहे, उष्णता. परभणीत मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि थंडीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो 10 अंशांखालीही उतरतो. एवढ्याशा फरकानेही तेलाचे रूप बदलते. एरंडेलाचेच पाहा. 20 अंश सेल्सियसला त्याची श्यानता 986 सेंटिपॉइज असते, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ हजारपट. 30 अंशांना 451, 40 अंशांना 231 आणि 100 अंशांना जेमतेम 17. वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेल्याबरोबर तीन चतुर्थांश दाटपणा नाहीसा!

हे घरी करून पाहता येते. दहा मिलिलिटरची नवी, बिनसुईची सिरिंज घ्या, दट्ट्या काढून ती उभी धरा, तोंड बोटाने दाबून तेल भरा आणि बोट काढून सगळे तेल वाटीत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकदा करडईचे तेल (आपल्याकडे त्याला तोटा नाही, ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण येथल्याच विद्यापीठाचा), एकदा एरंडेल. मग एरंडेलाची बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. तेल विस्तवावर मात्र ठेवू नका. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रेडवुड श्यानतामापक म्हणून जे उपकरण आहे, ते तत्त्वाने हेच करते. ठराविक भोकातून 50 मिलिलिटर तेल खाली यायला किती सेकंद लागतात, एवढेच मोजायचे.

आता डब्यावरचा ‘5डब्ल्यू-40’ हा आकडा वाचता येईल. अमेरिकेतील मोटार एंजिनियरांच्या एसएई या संस्थेने 1911 साली तेलांचे श्यानतेनुसार वर्ग पाडायला सुरुवात केली. तीच पद्धत सुधारत आज जगभर चालते. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. तो जितका लहान तितके तेल गारठ्यात सहज वाहते. 5डब्ल्यू तेलाची गारठ्यातली परीक्षा उणे 30 अंशांना, 15डब्ल्यू तेलाची उणे 20 अंशांना घेतात. परभणीकराला त्या परीक्षेशी फारसे कर्तव्य नाही. पण नंतरचा आकडा, 40, त्याच्या कामाचा आहे. तो 100 अंशांना तेल किती दाट उरते ते सांगतो. 30 वर्गाची श्यानता 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक, 40 वर्गाची 12.5 ते 16.3 आणि 50 वर्गाची 16.3 ते 21.9 या मर्यादांत असावी लागते. (तेलाच्या श्यानतेला त्याच्या घनतेने भागले की सेंटिस्टोकमधला आकडा मिळतो.)

एकच तेल थंडीत पातळ आणि उन्हात दाट कसे वागेल? प्रत्यक्षात ते उन्हात दाट होत नाही, फक्त कमी पातळ होते. त्यात लांबलचक रेणूंची पूरके मिसळलेली असतात. थंडीत हे रेणू मुटकुळे करून पडलेले असतात आणि तेलाच्या वाटेत फारसे येत नाहीत. तापले की हातपाय पसरतात आणि वाहणाऱ्या तेलाला अडवतात. मात्र मघाच्या त्या 25 मायक्रॉनच्या फटीत ओढाताण झाली, की हे लांब रेणू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात, काही कायमचे तुटतातही. म्हणून 150 अंशांना, प्रचंड ओढाताणीत तेल किती दाट राहते याची आणखी एक परीक्षा असते. 5डब्ल्यू-40 तेलाला तिथे निदान 3.5 सेंटिपॉइज राखावे लागतात. शर्यतीच्या दृष्टीने डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा हा लहान आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुर्दैवाने तो डब्यावर छापत नाहीत, कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो.

जेव्हा नावाला खरोखर अर्थ होता

आपल्या बांधावरचा एरंड एके काळी शर्यतींचा राजा होता, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खनिज तेले आजच्यासारखी शुद्ध नव्हती. तापलेल्या धातूला घट्ट चिकटून राहण्यात एरंडेलाची बरोबरी त्यांना करता येत नसे. इंग्लंडमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने 1909 साली एरंडेल मिसळलेले तेल बाजारात आणले आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून त्याचे नाव ठेवले ‘कॅस्ट्रॉल’. पहिल्या महायुद्धातील ज्या विमानांचे एंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरत असे, त्यांतही एरंडेलच घालीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. ते जळके एरंडेल धुराबरोबर वैमानिकाच्या पोटात जाई आणि मग व्हायचे तेच होई!

पण एरंडेलात मोठा दोष होता. तापून ते हवेशी संयोग पावते आणि राळेसारखा चिकट थर धरते. शर्यत संपली की ते काढून टाकावे लागे. त्या काळी एका कंपनीच्या तेलात एरंडेल, दुसरीच्यात साधे खनिज तेल, तिसरीचे काय ते तिलाच ठाऊक. तेव्हा डब्यावरचे नाव हीच तेलाची ओळख होती आणि नावाने फरक पडत होता.

आज चित्र पालटले आहे. एंजिन-ऑइलमध्ये मोठा भाग असतो मूलतेलाचा. ते तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार होते. मुंबईत माहूल येथे 1954 साली उभारलेला आणि 1974 पासून हिंदुस्थान पेट्रोलियमकडे असलेला कारखाना हा असे मूलतेल बनविणारा देशातला एक प्रमुख कारखाना. तेल विकणाऱ्या कंपन्यांपैकी कित्येक अशा कारखान्यांकडून मूलतेल विकत घेतात आणि त्यात पूरके मिसळतात. झीज रोखणारी, काजळी धरून ठेवणारी, गंज टाळणारी ही पूरकेही जगात मुख्यतः चार मोठ्या कंपन्या बनवितात. त्यांतल्या लुब्रिझॉलचा कारखाना नवी मुंबईत तुर्भे येथे आहे. तेव्हा दोन निरनिराळ्या रंगांच्या डब्यांत एकाच कारखान्याचे मूलतेल आणि एकाच कंपनीची पूरके असणे अशक्य नाही.

‘सिंथेटिक’ या शब्दाचेही तसेच. पूर्वी हा शब्द रसायनांपासून रेणू जुळवून तयार केलेल्या तेलापुरता वापरीत. पुढे खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून जवळजवळ तसेच तेल मिळू लागले आणि एका कंपनीने त्यालाही सिंथेटिक म्हटले. प्रतिस्पर्धी कंपनीने अमेरिकेतील जाहिरातींची छाननी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. 1999 साली निर्णय लागला, की असे म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून डब्यावरच्या या एका शब्दावरून आत कोणते मूलतेल आहे ते कळत नाही.

मग ओळख कशाची धरायची? मान्यतेच्या खुणांची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट तेलाची खऱ्या एंजिनांमध्ये परीक्षा ठरवून दर्जा देते. पेट्रोल एंजिनांसाठी 2020 साली ‘एसपी’ आणि 2025 साली ‘एसक्यू’ हा दर्जा आला. भारतीय मानक ब्यूरोचे एंजिन-तेलासाठी वेगळे मानक आहे. आणि काही मोटार कंपन्या स्वतःच्या परीक्षा घेतात. आपल्या जवळचेच उदाहरण द्यायचे, तर आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे श्कोडा कंपनीचा कारखाना 2001 साली सुरू झाला. तिथे जुळविलेल्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ‘व्हीडब्ल्यू 502 00’ यासारखी खूण दिलेली असते. ती खूण मिळविलेली तेले एका नाही, अनेक कंपन्यांची आहेत. पोर्शसारख्या वेगवान मोटारींची ‘ए40’ ही मान्यता तर न्यूरबर्गरिंगच्या शर्यतमार्गावरच्या फेऱ्यांची नक्कल करून एंजिन राबविल्यावर मिळते. तीही कित्येक कंपन्यांच्या तेलांना मिळाली आहे.

मैदानावर काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे. रस्त्यावर शहाण्यासारख्या चाललेल्या मोटारीचे तेल 90 ते 110 अंशांपर्यंत तापते. शर्यतीच्या मैदानावर तेच 130 किंवा त्याहूनही वर जाते. सर्वसाधारण 5डब्ल्यू-40 तेल घेतले, 100 अंशांना 14 सेंटिस्टोक असलेले, तर 130 अंशांना ते सुमारे 8 वर येते आणि 150 अंशांना 6 च्या खाली. 40 वर्गाचे तेल 130 अंशांना असे 30 वर्गाच्या गरम तेलापेक्षाही पातळ झालेले असते!

वर दिलेल्या मर्यादा आठवा. 40 वर्गातील सर्वांत पातळ तेल 12.5 चे आणि सर्वांत दाट 16.3 चे, म्हणजे एकाच वर्गाच्या दोन कंपन्यांच्या तेलांत जास्तीत जास्त तीस टक्के फरक. पण तापमान 30 अंशांनी वाढल्याचा फरक आहे चाळीस टक्क्यांहून अधिक. हिशेब केला तर दिसते, की तेल बारा-पंधरा अंशांनी थंड ठेवले तर एका वर्गातला हा सगळा फरक भरून निघतो. तेल गार करणारा एक लहानसा रेडिएटर बसविणे, ही गोष्ट डब्याचा रंग बदलण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे ती यामुळे.

दुसरा धोका आहे वळणाचा, आणि तो बहुतेक जाहिरातींत कोठेच नसतो. बादलीत पाणी घेऊन गोल फिरलात तर पाणी बाहेरच्या कडेला चढते. एंजिनच्या तळाशी तेलाची जी कढई असते (मिस्त्री तिला चेंबर म्हणतात) तिच्यातही तेच घडते. 50 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 80 किलोमीटरने घेतले, तर वेग होतो सेकंदाला 22 मीटर, आणि वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की त्वरण येते जवळजवळ 9.8, म्हणजे गुरुत्वत्वरणाइतकेच. चांगले टायर असलेली मोटार एवढे सहन करते. अशा वेळी तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. चेंबर 30 सेंटिमीटर रुंद असेल तर दोन्ही कडांच्या पातळीत फरकही 30 सेंटिमीटरचा पडायला हवा. तेवढे तर चेंबर खोलच नसते! म्हणजे सारे तेल एका बाजूला गोळा होते, तेल ओढणाऱ्या पंपाचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. (ताशी 54 किलोमीटर आणि त्रिज्या 40 मीटर घेऊन तेल किती कलेल ते तुम्ही काढा. उत्तर 30 अंशांच्या आसपास आले पाहिजे.)

हवेचा थर दांड्याला उचलून धरू शकत नाही. काही सेकंदांत धातू धातूला लागतो आणि बेअरिंग जाते. त्या क्षणी चेंबरमध्ये जगातले सर्वांत महाग तेल असले तरी ते चुकीच्या कोपऱ्यात असते. म्हणून शर्यतीच्या मोटारींच्या चेंबरमध्ये आडवे पडदे घालतात, किंवा चेंबर जवळजवळ कोरडे ठेवून तेल वेगळ्या उभ्या टाकीत साठवितात. आणि म्हणूनच मैदानावर उतरण्यापूर्वी तेल-पट्टीवरची पातळी वरच्या खुणेला आहे ना, हे पाहणे सर्वांत आधी. अर्धा लिटर तेल कमी असणे हे कोणत्याही नावापेक्षा घातक.

तिसरी गोष्ट तेलाच्या आयुष्याची. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: तापमान 10 अंशांनी वाढले की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. 100 च्या जागी 130 अंश, म्हणजे तीन वेळा दुप्पट, आठपट. मैदानावरचा एक तास रस्त्यावरच्या आठ तासांइतके तेल म्हातारे करतो असे समजा. त्यात अर्धवट जळलेले पेट्रोल मिसळून तेल आणखी पातळ होते. दहा हजार किलोमीटरला तेल बदला असे पुस्तिकेत लिहिलेले असते ते रस्त्यासाठी.

पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात 2009 पासून फोक्सवॅगनची पोलो बनू लागली आणि 2010 साली त्याच पोलोची भारतात एक शर्यतमालिका सुरू झाली. सगळ्यांना एकाच बनावटीची, सारखीच तयार केलेली गाडी, म्हणजे जिंकणे चालकाच्या कौशल्यावर. विज्ञानाच्या दृष्टीने मला ही कल्पना फार आवडते. तेलाच्या दोन कंपन्यांची खरी तुलना करायची तर अशीच करायला हवी: गाडी सारखी, तापमान सारखे, वर्ग सारखा, चालक सारखा, आणि बदल फक्त डब्याचा. “मी अमुक तेल टाकले आणि गाडी पळू लागली” असे सांगणाऱ्याने बहुधा त्याच दिवशी नवा फिल्टर बसविलेला असतो आणि जुने काळे तेलही काढलेले असते. मग श्रेय कोणाला द्यायचे?

मग नावाला किंमत नाहीच का?

आहे. योग्य वर्ग आणि योग्य मान्यता असलेल्या तेलांमध्ये झीज रोखण्याची क्षमता, उष्णतेत टिकून राहणे यांत फरक असतात, आणि एंजिन शेवटच्या टोकापर्यंत राबविणाऱ्याला ते जाणवू शकतात. शर्यतीचे मोठे संघ वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यात लोह, तांबे यांचे कण किती आले ते मोजतात. असा आकडा हाती असेल तर एका कंपनीचे तेल दुसरीपेक्षा सरस म्हणायला मी तयार आहे. आकडा नसेल तर नाही.

नावाचा दुसरा उपयोग भरवशाचा. माहितीपत्रकात छापलेला 14 हा आकडा डब्यात खरोखर 14 आहे, याची जबाबदारी घेणारे कोणीतरी हवे. बाजारात नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरून विकणारेही असतात. म्हणून माहितीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, सील आणि बॅच-क्रमांक पाहा, आणि तेल ओतून झाले की रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच तो टाका.

आता ‘रेसिंग’ लिहिलेल्या डब्याविषयी. शर्यतीच्या काही तेलांत जस्त आणि फॉस्फरस असलेले झीजरोधक पूरक जास्त घालतात. फॉस्फरस धुराबरोबर जाऊन रस्त्यावरच्या गाड्यांतील धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला निकामी करतो. म्हणून एसपी दर्जाच्या 20 आणि 30 वर्गाच्या तेलांत फॉस्फरस 0.08 टक्क्यांपुढे चालत नाही. शर्यतीचे तेल मैदानावर योग्य, तेच घरच्या गाडीत नुकसानकारक ठरू शकते.

मोटारसायकलवाल्यांनी तर याहून जास्त सावध राहायला हवे, आणि तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकलच आहे. मोटारीत एंजिनचे तेल वेगळे, गियरचे वेगळे आणि क्लच बहुधा कोरडा असतो. मोटारसायकलमध्ये बहुतेक वेळा एकच तेल एंजिन, गियर आणि क्लच या तिघांनाही भिजविते. क्लचच्या पट्ट्यांना काम करायला घर्षण हवे असते. मोटारीच्या काही महाग तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी पूरके असतात. ती मोटारसायकलमध्ये घातली तर एंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, क्लच घसरतो. हे टाळण्यासाठी जपानी मोटार-मानक संस्थेने ‘जासो एमए’ ही खूण ठरविली, तिचाच पुढचा प्रकार ‘एमए2’. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तेलाचे एक पान असते. त्यावर श्यानतेचा आकडा, एपीआयचा दर्जा आणि ही जासोची खूण, तिन्ही लिहिलेले असतात. ते कागदावर उतरवून घ्या, गॅरेजच्या फळीवरचा डबा हातात घेऊन त्याच्या मागची बारीक अक्षरे वाचा, आणि तिन्ही गोष्टी जुळल्या की मगच किंमत विचारा.